लस दिली होती, तरी पार्वो कसा झाला?

काल संध्याकाळपर्यंत चपला पळवणारं दोन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू आज सकाळी कोपऱ्यात मलूल पडलेलं असतं. खाण्याकडे ढुंकूनही पाहत नाही. आधी फेसाळ उलट्या, मग उग्र वासाचे रक्ती जुलाब. दवाखान्यात विष्ठेची चाचणी होते, पार्वो या विषाणूमुळे होणाऱ्या आजाराचं निदान होतं आणि घरचे कळवळून म्हणतात, "पण डॉक्टर, लस तर दिली होती!"

खरंच दिलेली असते. चूक लसीची नसते, हिशेब आठवड्यांचा असतो.

जन्मल्यावर पहिल्या दिवशी पिल्लू आईचा चीक पितं आणि त्यातून आईची प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, त्याला मिळतात. ती त्याला जपतात, पण लसीतल्या निर्बल केलेल्या विषाणूलाही ती शत्रूच समजून निकामी करतात. साधारण दर 9-10 दिवसांनी ती निम्मी होत जातात. मग मध्येच असे काही आठवडे येतात, की उरलेली प्रतिपिंडं खऱ्या विषाणूला अडवायला अपुरी पडतात, पण लस वाया घालवायला पुरेशी असतात. हा धोक्याचा काळ प्रत्येक पिल्लाचा वेगळा. एकाच विणीतली भावंडंही सारखी नसतात, कारण चीक कुणाच्या वाट्याला जास्त आलेला असतो, कुणाच्या कमी.

म्हणून 6 ते 8 आठवड्यांच्या वयापासून दर 2 ते 4 आठवड्यांनी डोस देत राहायचं आणि शेवटचा डोस 16 आठवडे पूर्ण झाल्यावर द्यायचा. माझ्या मते हा शेवटचा डोस सगळ्यात मोलाचा, आणि "आता मोठं झालंय की" म्हणून चुकतो तोही तोच. बूस्टर पुढे 6 ते 12 महिन्यांच्या वयात. तोवर पिल्लाला बाहेर न्यायचं तर कडेवर. अनोळखी कुत्री फिरतात तिथल्या मातीत सोडू नये.

कारण हा विषाणू फार चिवट आहे. मांजरांच्या एका विषाणूच्या कुळातला हा नवा विषाणू 1978 मध्ये कुत्र्यांमध्ये ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पोचला. त्याला चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे सॅनिटायझर किंवा नेहमीचं फिनाईल त्याच्यावर भरवशाचं नाही. मातीत तो महिनोन्महिने टिकतो, चपलांना चिकटून घरात येतो. फरशी आधी धुवून, 1 भाग ब्लीच आणि 30 भाग पाणी यांच्या मिश्रणाने ती 10 मिनिटं ओली राहू द्यावी. ब्लीचमध्ये दुसरं कोणतंही क्लीनर मिसळू नये.

शरीरात तो भराभर विभागणाऱ्या पेशी गाठतो: आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला मगज. अस्तर झडतं, पांढऱ्या पेशी घटतात आणि आतड्यातले जिवाणू रक्तात शिरतात. रोग विषाणूचा असूनही अँटिबायोटिक देतात ते यासाठी. जोडीला सलाईन, उलटी थांबवणारं औषध, ग्लुकोज आणि शक्य तितक्या लवकर थोडं थोडं अन्न. उपचार न मिळालेली बहुतेक पिल्लं दगावतात. वेळेवर आणि नीट उपचार मिळालेल्या 10 पैकी 8-9 वाचू शकतात. दही-भातावर एक दिवस काढून बघू, असं कृपा करून करू नका.

हा आजार माणसांना होत नाही. त्या भीतीपायी कुणी पिल्लू रस्त्यावर सोडू नये. बरं झालेलं पिल्लूही काही दिवस विष्ठेतून विषाणू टाकत असतं, म्हणून शेजारच्या पिल्लाशी त्याची भेट महिनाभर तरी लांबवावी.