पवनचक्कीखालचा सरडा

दिवेलागणीला रंकाळ्याच्या काठी उभे राहिले, की पाण्यालगत किडे टिपत सपकन वळणारी लहान वटवाघळे दिसतात. इतका चपळ प्राणी पवनचक्कीच्या पात्याला धडकतोच कसा? लांबून पाते संथ वाटते, हीच मोठी फसगत आहे. 80 मीटर व्यासाचे चक्र मिनिटाला 18 फेरे घेत असेल, तर पात्याचे टोक ताशी सुमारे 270 किलोमीटर वेगाने धावते आणि साधारण दर सेकंदाला एक पाते त्याच जागेवरून जाते. पात्यामागे हवेचा दाब एकाएकी घटल्याने फुप्फुसात रक्तस्राव होतो, असे कॅनडातील संशोधकांनी 2008 मध्ये मांडले होते. पुढच्या अभ्यासांत मात्र थेट आघाताचा वाटाच मोठा दिसू लागला.

बहुतेक वटवाघळे मरतात ती मंद वाऱ्याच्या रात्री, म्हणजे वीजही बेताचीच निघत असते तेव्हा. म्हणूनच उपाय सोपा आहे: रात्री वारा सेकंदाला 3.5 मीटर झाला की चक्र सुरू करण्याऐवजी 5 मीटर किंवा त्याहून अधिक होईपर्यंत थांबायचे. पेनसिल्व्हेनियात असे केल्यावर रात्रीचे मृत्यू 44 ते 93 टक्क्यांनी घटले, आणि वर्षभराच्या विजेतील तूट एक टक्क्याच्या आतच राहील असा हिशेब निघाला. वर्षाला बहुधा एकच पिल्लू देणाऱ्या प्राण्यासाठी हा सौदा स्वस्तच म्हणायला हवा.

शिकारी पक्ष्यांची अडचण वेगळी. भक्ष्य शोधताना त्यांची नजर जमिनीवर खिळलेली असते, त्यामुळे समोरचे पाते ध्यानात येत नाही. नॉर्वेतील स्मोला बेटावर तीनपैकी एक पाते काळे रंगवल्यावर पक्ष्यांचे मृत्यू सुमारे 70 टक्क्यांनी कमी झाले. पण रंगवलेल्या पवनचक्क्या चारच होत्या, हे विसरू नये.

आपल्याकडचा सर्वांत बोलका पुरावा मात्र मेलेल्या नव्हे, न फिरकणाऱ्या पक्ष्यांचा आहे. कोल्हापूरहून पुण्याकडे जाताना साताऱ्याला वाट वाकडी केली, की ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीचे पठार लागते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथील पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी सुमारे चारपट कमी आढळले. त्यांचे भक्ष्य असलेला, गळ्याला निळा-काळा-केशरी पंखा मिरवणारा सरडा (याच्या प्रजातीचे शास्त्रीय नावही आपल्या मराठी शब्दावरून ‘सरडा’ असेच ठेवले आहे) तिथे संख्येने वाढला होता. ताणाचे संप्रेरक कमी, भीती कमी. माणूस अगदी जवळ येईपर्यंत तो जागचा हलत नसे. पण गर्दीत अन्नाची वाटणी झाल्याने त्याची अंगकाठी उतरली होती आणि नरांच्या पंख्याचा रंगही फिका पडला होता.

पात्याखालची कलेवरे मोजून यातले काहीच कळले नसते. तीही कोल्हे-कुत्री आधीच उचलतात. आणि पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाच्या 2006 च्या अधिसूचनेतील यादीत पवनऊर्जा प्रकल्प नसल्याने, पठारावर मनोरे उभे करण्यापूर्वी तिथल्या आकाशात कोण उडते हे मोजण्याची सक्ती ती अधिसूचना करत नाही.