एका शतांश सेकंदात बोट किती पुढे जाते?

२००० सालचं सिडनी ऑलिम्पिक, बायकांच्या सिंगल स्कल्सची फायनल, म्हणजे एक बोट, एक बाई आणि दोन हातात दोन वल्ही. बल्गेरियाची रुम्याना नेयकोवा आणि बेलारूसची एकातेरिना कार्स्टन अगदी बरोबरीने आल्या आणि कोण जिंकलं हे नुसत्या डोळ्यांनी कुणालाच सांगता येईना. शेवटी फोटो फिनिशवरून ठरलं, कार्स्टन ७ मिनिटं २८.१४ सेकंद, नेयकोवा ७ मिनिटं २८.१५. माझ्या मते इतकी क्रूर रोइंग फायनल दुसरी नसेल.

आता जरा हिशोब करूया. २००० मीटरची रेस साडेसात मिनिटांत म्हणजे सेकंदाला साधारण साडेचार मीटर, त्यामुळे ०.०१ सेकंदात बोट साडेचार सेंटीमीटर जाते. बोट असते आठेक मीटर लांब आणि तिच्या टोकाला सेफ्टीसाठी एक पांढरा रबरी बॉल लावतात, तो कमीत कमी ४ सेंटीमीटरचा. म्हणजे दोन किलोमीटर वल्हवून फरक पडला तो जेमतेम त्या बॉलएवढा!

त्यात बोट एकसारख्या वेगाने जात नाही, ही खरी गंमत आहे. बोटीचं वजन १४ किलोच्या आसपास आणि खेळाडूचं त्याच्या पाचपट वगैरे, आणि सीट चाकांवर पुढेमागे सरकते. खेळाडूचं तोंड बोटीच्या मागच्या बाजूला असतं, वल्ही पाण्याबाहेर काढून खेळाडू पुढच्या स्ट्रोकसाठी त्या बाजूला सरकली की तिच्या खालची हलकी बोट उलट दिशेला, म्हणजे फिनिशकडे, ढकलली जाते, म्हणून बोटीचा वेग सगळ्यात जास्त असतो तो वल्ही हवेत असताना, आणि वल्ही पाण्यात घातल्या घातल्या तो सगळ्यात कमी होतो. त्यामुळे इतक्या जवळच्या रेसमध्ये लाईनवर कुणाचा स्ट्रोक कुठल्या टप्प्यात आहे यावरही निकाल फिरू शकतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. पाण्याचा विरोध वेगाच्या साधारण वर्गाने वाढतो आणि लागणारी पॉवर घनाने, म्हणजे वेग फक्त १ टक्का वाढवायचा तर ताकद ३ टक्के जास्त लावावी लागते, आणि ही ताकद मुख्यतः ऑक्सिजनवरच मिळवायची, कारण इतका वेळ नुसत्या स्फोटक जोरावर कुणी टिकत नाही. सुरुवातीलाच सगळं उधळलं तर शेवटचे ५०० मीटर खूप महागात पडतात.

नेयकोवाला हे गणित अंगवळणी पडलं होतं. २००२ ला सेव्हिलमध्ये ती वर्ल्ड चॅम्पियन झाली, तेही ७:०७.७१ मध्ये, सिडनीपेक्षा तब्बल २० सेकंद कमी! पण वारा आणि पाणी रोज वेगळं असतं, पाठीवर वारा मिळाला की सगळ्यांचेच टाईम खाली येतात, म्हणून रोइंगमध्ये वर्ल्ड रेकॉर्ड म्हणत नाहीत, वर्ल्ड बेस्ट टाईम म्हणतात. तिचा हा टाईम वर्षानुवर्षं टिकला. २००३ ला मिलानमध्ये पुन्हा वर्ल्ड टायटल, मग २००४ ला अथेन्समध्ये ब्राँझ.

आणि २००८, बीजिंग, वय ३५. ७ मिनिटं २२.३४ सेकंदात गोल्ड! अमेरिकेची मिशेल गेरेट ०.४४ सेकंद मागे, म्हणजे अंतर सुमारे दोन मीटर, आणि कार्स्टन तिसरी. त्या ऑलिम्पिकमधलं बल्गेरियाचं हे एकमेव गोल्ड. याआधी बल्गेरियाच्या बायकांनी रोइंगमध्ये गोल्ड घेतली होती ती १९७६ ला माँट्रियलमध्ये, बायकांचं रोइंग ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आलं तेव्हा, आणि तेव्हा त्यांची रेस १००० मीटरचीच असायची.