वेगवान गोलंदाज मुलांची पाठ: चेंडू मोजायला कधी सुरुवात झाली?

शाळकरी वयातल्या वेगवान गोलंदाजाची कंबर धरली की मैदानावर दोन निदानं ठरलेली असतात: ‘ॲक्शन चुकतेय’, नाहीतर ‘अंगात ताकद नाही’. पहिल्यात तथ्य आहे. दुसरं बहुतेक वेळा नुसतं बोलायचं म्हणून बोललं जातं. किती चेंडू टाकले आणि मध्ये किती दिवस विश्रांती मिळाली, हा प्रश्न मात्र क्रिकेटने फार उशिरा विचारला.

सुरुवात पर्थपासून करावी लागते. १९७३ मध्ये वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर ऑस्ट्रेलियाचा, मूळ पर्थचा वेगवान गोलंदाज डेनिस लिली पाठ घेऊन बसला. कण्याच्या खालच्या मणक्यांमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे एका फटक्याने नव्हे तर त्याच त्या ताणाने पडलेल्या भेगा निघाल्या. तेव्हा तो २३ वर्षांचा होता. काही आठवडे प्लास्टर, मग पर्थच्या विद्यापीठातल्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्यायाम, आणि १९७४-७५ च्या ॲशेसमध्ये पुनरागमन. पुढे पोरसवदा गोलंदाजांच्या पाठीवरचं महत्त्वाचं काम झालं तेही पर्थलाच.

डॅरिल फॉस्टर, ब्रूस इलियट आणि सहकाऱ्यांनी सरासरी १७ वर्षांच्या आसपासचे ८२ वेगवान गोलंदाज एक पूर्ण हंगाम नजरेखाली ठेवले. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ११ टक्के मुलांच्या मणक्यांत स्ट्रेस फ्रॅक्चर आढळलं, आणखी २७ टक्क्यांना पाठीच्या स्नायू वगैरेंची दुखापत झाली. बोट रोखलं गेलं ते ‘मिश्र’ ॲक्शनवर: कंबर एका दिशेला, खांदे दुसऱ्या, आणि चेंडू सोडायच्या आधी खांद्यांचा उलटा पीळ. जुन्या वळणाचे प्रशिक्षक छाती फलंदाजाकडे ठेवून टाकणाऱ्या पोरालाही ‘आडवा हो’, म्हणजे खांदा फलंदाजाकडे कर, म्हणून सांगत. पोरगा अर्धाच आडवा होई. अशा मिश्र ॲक्शन काही प्रमाणात त्या आग्रहातूनच तयार झाल्या, असं मला वाटतं.

वय हा यातला वेगळाच धोका. तेरा-चौदाच्या सुमारास मुलगा भराभर उंच होतो, पण लांबलेल्या हाडात खनिजं भरायला वेळ लागतो. कण्याचे खालचे मणके तर विशी ओलांडल्यावरही पक्के होत असतात. पुढचा पाय आपटताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर वर चढतो, आणि मणक्याच्या मागच्या कमानीतला अरुंद भाग तो झेलतो. उजव्या हाताच्या गोलंदाजाची भेग बहुतेकदा डाव्या बाजूला सापडते.

मोजदाद आली ती २००५ च्या सुमारास. रेबेका डेनिस, कॅरोलिन फिंच आणि पॅट्रिक फारहार्ट यांनी ऑस्ट्रेलियातल्या ४४ कुमार गोलंदाजांच्या नोंदी ठेवल्या. सरासरी वय १४.७. दोन गोलंदाजींमध्ये सरासरी साडेतीन दिवसांहून कमी विश्रांती मिळालेल्यांना दुखापतीचा धोका सुमारे तिप्पट निघाला. गट लहान होता, पण दिशा स्पष्ट होती. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वयानुसार षटकांची मर्यादा आखलीच होती; पुढच्या काळात ती १३ वर्षांखालच्यांना सलग ५ आणि दिवसाला १०, १४-१५ च्या गटाला ६ आणि १२ अशी होती. अमेरिकेत लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेने कोपरं वाचवण्यासाठी २००७ पासून इनिंग्ज सोडून थेट चेंडूच मोजायला घेतले.

मर्यादा असूनही प्रतिभा घाई करायला लावते. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज पॅट कमिन्स १८ व्या वर्षी, नोव्हेंबर २०११ मध्ये जोहान्सबर्गला पहिली कसोटी खेळला, दुसऱ्या डावात ६ बळी घेतले आणि दुखापतींमुळे पुढची कसोटी खेळला थेट मार्च २०१७ मध्ये, रांचीला. आपल्याकडे २०१८ चा १९ वर्षांखालील विश्वचषक गाजवणारा कमलेश नागरकोटी नंतर बराच काळ पाठीच्या दुखापतीने मैदानाबाहेर राहिला.

मुंबईत हिशेब आणखी अवघड होतो. तोच मुलगा शाळेकडून हॅरिस शील्ड खेळतो, क्लबकडून कांगा लीग, आणि उरलेल्या दिवशी अकादमीच्या नेटमध्ये सीनियर फलंदाजांना चेंडू टाकत राहतो. सामन्यातली षटकं स्कोअरबुकात उतरतात. नेटमधले चेंडू कुठेच उतरत नाहीत, आणि शाळेच्या सरांना क्लबमध्ये काल किती षटकं झाली ते सहसा कोणी सांगत नाही. बेरीज करू शकेल असा माणूस घरातच असतो, पण पोरगं ‘नवा चेंडू मिळाला’ म्हणत घरी आलेलं असताना षटकं विचारायचं कोणाला सुचतं?