दगडावरची लाट

अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवर एरेक्थेऑन हे संगमरवरी मंदिर आहे. इसवी सनपूर्व 5व्या शतकाच्या अखेरीस ते बांधलं, तेव्हा अथेन्सवासीयांनी खर्चाचा हिशेबही दगडावर कोरून ठेवला. त्यात एक नोंद आहे: आतल्या तुळईवरचं ‘कीमातिऑन’ मेण मिसळलेल्या रंगांनी रंगवणाऱ्याला फुटामागे 5 ओबोल. 6 ओबोलांचा एक द्राख्मा, आणि तिथल्या कुशल कारागिराची रोजची मजुरीही एक द्राख्मा. म्हणजे फूटभर पट्टी रंगवायला जवळजवळ एक दिवसाची मजुरी!

कीमा म्हणजे लाट, कीमातिऑन म्हणजे छोटी लाट. वळणदार कोरीव पट्ट्यांना ग्रीक लोक हे नाव देत. त्यांतली सर्वांत देखणी मला दुहेरी वळणाची वाटते: निम्मी फुगीर, निम्मी खोलगट, बाजूने पाहिली तर इंग्रजी एससारखी. खोलगट भाग वर असेल तर ती सायमा रेक्टा (सायमा म्हणजे तीच कीमा), फुगीर भाग वर असेल तर सायमा रिव्हर्सा.

हे वळण कशासाठी? घरात जुन्या फोटोची नक्षीदार लाकडी चौकट असेल तर ती खिडकीपाशी तिरकी धरून बघा. पृष्ठभाग उजेडाला जितका समोरासमोर, तितका तो उजळ. जितका कलता, तितका मंद. सपाट पट्टीवर एकच छटा असते, कोपऱ्यावर ती एकदम तुटते. एसच्या वळणावर मात्र कल हळूहळू बदलतो, म्हणून उजेडही हळूहळू सावलीत उतरतो. अथेन्सच्या कडक उन्हात वळचणीखालची पांढऱ्या संगमरवराची कडा डोळ्यांना मऊ वाटते ती यामुळेच. शिवाय जमिनीवरून परतलेला उजेड खोलगट भागातली सावली पुरती काळी होऊ देत नाही.

जागाही ठरलेल्या. रेक्टाची वरची कड पातळ असते, तिच्यावर भार टाकणं बरं नाही. म्हणून ती सगळ्यांत वर, छपराच्या पन्हळीला. तिथे पाणी सोडायला सिंहमुखं असत, आपल्याकडच्या गोमुखांसारखी. रिव्हर्साचा वरचा भाग भरीव, म्हणून ती वजन पेलणाऱ्या थरांखाली. तिच्यावर कोरलेली हृदयाकृती पानं जवळून पाहावीत. पानाच्या कडेचं वळण आणि पट्टीच्या छेदाचं, म्हणजे ती आडवी कापली तर दिसेल ते वळण एकच! जो आकार बाजूने दिसायला हवा, तो कारागिराने समोरच मांडलेला असतो. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या एका पानाच्या फोटोकडे बघत बसलो होतो.

पुढे रोमनांनी हीच वळणं बहुतेकदा कंपासने काढली, दोन वर्तुळांचे तुकडे जोडून. जोडावर रेषा तुटत नाही, पण वक्रता एका क्षणात उलटते. ग्रीक वळणात ती सतत बदलत राहते, हाताने ओढलेल्या रेषेसारखी.

ही वळणं काळाप्रमाणे बदलत गेली, हे लुसी शू या अमेरिकन संशोधिकेने मोजून दाखवलं. पातळ पात्या शेजारी शेजारी बसवलेलं एक साधन ती दगडावर दाबायची. पात्या मागे सरकत आणि दगडाचा नेमका छेद हाती येई. तिने अशी शेकडो वळणं 1936 साली प्रसिद्ध केली. तेव्हापासून एकही अक्षर नसलेल्या, ढिगाऱ्यात सापडलेल्या तुकड्याचा काळही त्याच्या वळणावरून ताडता येऊ लागला.