वाहने, को-ऑप शूटर खेळांतील : लढाऊ आणि साहाय्यक

दोन किंवा अधिक खेळाडू एकाच बाजूने, संगणकाने चालविलेल्या शत्रूंविरुद्ध लढतात अशा नेमबाजीच्या व्हिडिओ खेळांना को-ऑप शूटर म्हणतात. या खेळांत खेळाडूंना चालवता येणारी, मागवून घेता येणारी किंवा सांभाळून न्यावी लागणारी जी वाहने असतात, त्यांचे कामावरून दोन ढोबळ वर्ग पडतात. रणगाडा, तोफ बसवलेली जीप, खेळाडू ज्याच्या आत शिरून चालवतो तो यांत्रिक सांगाडा म्हणजेच मेक किंवा एक्सोसूट, आणि सशस्त्र हेलिकॉप्टर ही लढाऊ वाहने होत. तर माणसे, माल, दारूगोळा किंवा जखमी वाहून नेणारी, वाट काढणारी अथवा मोहिमेचे उद्दिष्टच पोटात घेऊन चालणारी वाहने साहाय्यक समजली जातात. ही विभागणी कागदावर जितकी स्वच्छ दिसते तितकी ती खेळात राहत नाही. एकच जीप पहिल्या मिनिटाला टेहळणीची गाडी असते, पाचव्या मिनिटाला मशीनगनचे ठाणे असते आणि दहाव्या मिनिटाला चौघांनी आडोशाला धरलेला पत्रा असतो.

दोन्ही वर्गांची तुलना बहुधा मारक शक्तीवरून केली जाते आणि तेथेच ती फसते. मोहिमेच्या शेवटी दिसणाऱ्या तक्त्यात कोणी किती शत्रू मारले हा आकडा असतो. कोणामुळे किती वेळ वाचला किंवा कोणामुळे मागे पडलेला साथीदार जिवंत राहिला, याला बहुतेक तक्त्यांत रकाना नसतो. चार जणांच्या चमूत प्रत्येक खेळाडू म्हणजे एक चतुर्थांश बळ. त्यामुळे एखादे वाहन किती मारते यापेक्षा ते किती माणसे गुंतवून ठेवते आणि त्या बदल्यात उरलेल्यांना काय मोकळे करून देते, हा खरा हिशेब आहे.

या प्रकारच्या वाहनांची आजची घडण बऱ्याच अंशी बंजी या संस्थेच्या ‘हेलो : कॉम्बॅट इव्हॉल्व्ह्ड’ या १५ नोव्हेंबर २००१ रोजी प्रसिद्ध झालेल्या खेळाकडे जाते. त्यातील वॉर्टहॉग या गाडीत चालक, मागच्या मशीनगनवरचा गनर आणि शेजारचा प्रवासी अशा तीन जागा आहेत. चालकाला शस्त्र नाही आणि गनरला दिशा ठरवता येत नाही. हीच उणीव या गाडीचे बलस्थान ठरली, कारण दोन खेळाडूंनी मिळून खेळताना एकाला दुसऱ्याच्या मनातले ओळखावे लागते : गनरला नेम धरायला वेळ मिळावा म्हणून चालक शत्रूभोवती घिरट्या घालतो आणि चालकाला वाट मोकळी मिळावी म्हणून गनर पुढचा शत्रू आधी टिपतो. चालक ज्या दिशेने पाहतो त्या दिशेने गाडी वळते, अशी तिची सुकाणू पद्धत आहे. त्यामुळे त्याला मागचे काही दिसत नाही, ते गनरने सांगावे लागते. त्याच खेळातील स्कॉर्पियन रणगाडा मात्र उलट विचाराने घडवलेला आहे. तो चालवणे आणि त्याची तोफ डागणे ही दोन्ही कामे एकच खेळाडू करतो. इतरांना पट्ट्यांवरच्या आवरणांवर उघड्यावर बसून स्वतःच्या बंदुकीने साथ द्यावी लागते. २००७ मधील ‘हेलो ३’ मध्ये रणगाड्याच्या मशीनगनसाठी वेगळी जागा आली आणि दुसऱ्या खेळाडूला निश्चित काम मिळाले.

प्रत्यक्ष रणगाड्यात चालक, तोफची, तोफगोळे भरणारा आणि नायक अशी चार माणसे असणे ही जुनी पद्धत आहे. गोळे भरण्याचे काम यंत्राकडे दिले की ती संख्या तीनवर येते. खेळांत ही कामे एकवटली जातात, त्याचे कारण तांत्रिक नसून मनोरंजनाचे आहे. अर्धा तास केवळ गोळे भरत बसायला कोणताही खेळाडू फार काळ तयार होत नाही. तरीही कॅपकॉमच्या ‘लॉस्ट प्लॅनेट २’ या २०१० मधील खेळाने हा धोका एकदा मुद्दाम पत्करला. त्यातील आगगाडीवरच्या महाकाय तोफेच्या प्रसंगात एकाने गोळा आणायचा, दुसऱ्याने भरायचा, कोणीतरी नेम धरायचा, अशा रीतीने चौघांनी मिळून एका अवाढव्य किड्याशी झुंजायचे असते. चारही जण शहाणे असतील तर तो प्रसंग विलक्षण रंगतो. एकजण भलतीकडे भटकत राहिला तर मात्र तो तितकाच जाच होतो. वाहनाची गुणवत्ता चालकदलाच्या गुणवत्तेवर इतकी उघडपणे अवलंबून असल्याचे दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही.

वाहन नष्ट होऊ शकते की नाही, यावरही तुलनेचा पाया बदलतो. पहिल्या ‘हेलो’मध्ये खेळाडूंची वाहने फुटत नसत, मार आत बसलेल्यांना बसे. २००४ मधील ‘हेलो २’पासून वाहनांनाही नाश आला आणि शत्रूच्या चालत्या वाहनावर चढून ते हिसकावण्याची सोय झाली. या बदलाने गाडी ही कायमची मालमत्ता न राहता खर्चाची वस्तू बनली. गिअरबॉक्सच्या ‘बॉर्डरलँड्स’ (२००९) या खेळाने त्याच वस्तूचे मोल आणखी उतरवले. तेथे ठरावीक ठाण्यांवरून नवी गाडी फुकट उभी करता येते, म्हणून मोडलेल्या गाडीचे कोणालाच वाईट वाटत नाही. त्या खेळातील रनर या गाडीत दोघेच बसतात, त्यामुळे चौघांच्या चमूला दोन गाड्या लागतात आणि चमू आपोआप दोन जोड्यांत विभागला जातो. ‘बॉर्डरलँड्स २’ (२०१२) मध्ये चौघांना सामावणारी बॅन्डिट टेक्निकल ही गाडी आली. बदल फक्त आसनसंख्येचा, पण चमूच्या वागण्यावर त्याचा परिणाम एखाद्या नव्या तोफेपेक्षा मोठा आहे.

लढाऊ आणि साहाय्यक वाहनांची समोरासमोर तुलना करण्यास सर्वांत सोयीचा खेळ म्हणजे स्टॉकहोम येथील ॲरोहेड गेम स्टुडिओजचा ‘हेलडायव्हर्स २’ होय. तो ८ फेब्रुवारी २०२४ रोजी प्लेस्टेशन ५ आणि वैयक्तिक संगणकासाठी प्रसिद्ध झाला आणि त्यात जास्तीत जास्त चार खेळाडू एकत्र खेळतात. त्याच वर्षी मार्चमध्ये ईएक्सओ-४५ पेट्रियट हा एक्सोसूट, नंतर ईएक्सओ-४९ इमॅन्सिपेटर हा दुसरा एक्सोसूट आणि डिसेंबरमध्ये एम-१०२ फास्ट रेकॉन व्हेइकल ही जीप खेळात आली. पेट्रियटच्या एका हातात झपाट्याने गोळ्या सोडणारी मिनीगन आणि दुसऱ्यात रॉकेटे आहेत. त्यामुळे या खेळातील शत्रू असलेल्या किड्यांच्या झुंडी आणि त्यांतला एखाददुसरा जाड कवचाचा प्राणी, अशा मिश्र हल्ल्याला तो चांगला. इमॅन्सिपेटरच्या दोन्ही हातांत ऑटोकॅनन, म्हणजे आपोआप गोळे सोडणाऱ्या लहान तोफा आहेत. त्यांचा मारा संथ पण कवच भेदणारा असल्याने दुसरे शत्रू म्हणजे यंत्रमानव, त्यांच्या चिलखती तुकड्यांविरुद्ध अनेकजण त्यालाच पसंती देतात. दोन्हींत एकच खेळाडू मावतो, दारूगोळा पुन्हा भरता येत नाही आणि एखादे टर्मिनल, म्हणजे मोहिमेतील संगणकाचे ठाणे, चालवायचे असेल तर खाली उतरावेच लागते. म्हणजे एक्सोसूट ही ठरावीक गोळ्यांची पेटी आहे. ती उघडण्याचा क्षण निवडणे हेच तिचे कौशल्य. दिसेल त्या किरकोळ शत्रूवर ती रिकामी करणारा खेळाडू शेवटच्या झुंजीत मोकळ्या पत्र्यात उभा असतो.

फास्ट रेकॉन व्हेइकलचे गणित वेगळे. तिच्यावर एक जड मशीनगन आहे आणि प्रवाशांना बाहेर झुकून आपापल्या शस्त्रांनी गोळीबार करता येतो; तरी तिचे मुख्य काम चौघांना एकदम एका जागेहून दुसऱ्या जागी नेणे हेच आहे. हा लाभ किती, ते साध्या हिशेबाने दिसते. समजा, खेळाडू सेकंदाला ५ मीटर धावतो, गाडी सेकंदाला १५ मीटर जाते आणि सर्वांनी येऊन बसायला २० सेकंद लागतात. ६०० मीटरच्या अंतराला धावून १२० सेकंद लागतील आणि गाडीने बसण्याच्या वेळेसह ६०, म्हणजे एक पूर्ण मिनिट वाचले. हेच अंतर १५० मीटर असेल तर दोन्हीकडे ३० सेकंदच लागतात आणि गाडी उलटण्याचा धोका वर राहतो. साहाय्यक वाहनाचा फायदा नकाशाच्या विस्ताराबरोबर वाढतो. अरुंद, खडकाळ नकाशावर तो जवळजवळ शून्य होतो. गाडी मागवण्यासाठी खेळाडूला मोहिमेसाठी निवडायच्या मोजक्या मदतींपैकी एक जागा खर्चावी लागते. ती जागा दुसऱ्या एखाद्या तोफेने किंवा हवाई हल्ल्याने भरता आली असती, आणि ही न दिसणारी किंमत जमेस धरली नाही तर तुलना एकांगी होते.

याच मालिकेच्या २०१५ मधील पहिल्या, वरून पाहून खेळायच्या ‘हेलडायव्हर्स’मध्येही चिलखती वाहतूक गाडी, मोटरसायकल आणि एक्सोसूट होते. दोन्ही खेळांत आपल्याच साथीदाराला आपली गोळी लागते. त्यामुळे चालक हा शत्रूइतकाच मित्रांनाही धोक्याचा ठरतो : घाईत मागे घेतलेल्या गाडीखाली येणारा बहुधा आपलाच माणूस असतो. जो खेळ मित्राला इजा होऊ देत नाही, तेथे गाडी बेधडक गर्दीत घालता येते. जो होऊ देतो, तेथे वाहनाच्या आजूबाजूची जागाही त्याच्या ताकदीइतकीच महत्त्वाची होते.

सॅन्डलॉट या जपानी संस्थेच्या ‘अर्थ डिफेन्स फोर्स’ या मालिकेने हा प्रश्न निराळ्या बाजूने सोडवला. २०१३ मध्ये जपानात आलेल्या चौथ्या मुख्य भागात वाहने मागवणे हे एअर रेडर या एका वर्गाचे खास काम ठरवले गेले. रणगाडे, हेलिकॉप्टरे आणि चालते मेक तो बोलावतो, पण त्यासाठी आधी शत्रूंना इजा करून गुण साठवावे लागतात. पायी असताना हा वर्ग दुबळा. त्यामुळे सुरुवातीला इतर तिघे त्याला जपतात आणि पुढे तो त्यांच्यासाठी यंत्रे उभी करतो. एअर रेडरच्या वाहनांमध्ये कॅलिबन या चिलखती बचाव गाडीलाही जागा आहे, तर ४.१ या आवृत्तीत राक्षसी शत्रूंशी मुष्टियुद्ध करणारा बलाम नावाचा उंच यंत्रमानव आहे. बलामचे पाऊल इतके संथ पडते की तो मैदानात पोहोचेपर्यंत लढाई दुसरीकडे सरकलेली असू शकते. पाचव्या भागात रेंजर या सामान्य पायदळ वर्गालाही काही वाहने मिळाली. त्याने खेळ सोपा झाला हे खरे, पण एअर रेडरची गरज काहीशी कमी झाली आणि परस्परावलंबनाचा एक धागा सैल पडला, असे म्हणावे लागते.

साहाय्यक वाहनाची कल्पना सर्वांत टोकाला नेली ती कोपनहेगनच्या घोस्ट शिप गेम्सने ‘डीप रॉक गॅलॅक्टिक’मध्ये. १३ मे २०२० रोजी पूर्ण स्वरूपात आलेल्या या खेळात एक ते चार बुटके खाणकामगार परग्रहाच्या गुहांत उतरतात. त्यांच्याबरोबर मॉली नावाने ओळखले जाणारे चार पायांचे यंत्र असते. तिला शस्त्र नाही आणि तिच्यावर कोणी बसत नाही. हाक मारली की ती भिंतीवरून, छतावरून चालत येते आणि खनिज पोटात घेते. प्रत्येक खेळाडूच्या पिशवीत एका खनिजाचे साधारणपणे ४० एककच मावतात, म्हणून थोड्या थोड्या वेळाने तिच्याकडे जावेच लागते आणि विखुरलेला चमू नकळत एका बिंदूभोवती राहतो. परतीच्या वेळी ती यानाकडे निघते आणि अंधाऱ्या गुहेत तिच्या मागे जाणे हीच वाट ओळखण्याची खूण ठरते. एकही गोळी न झाडता चमूचा आकार ठरवणारे असे वाहन दुर्मिळ आहे.

याच खेळातील एस्कॉर्ट ड्युटी या मोहिमेत डोरेटा हे ड्रिलडोझर असते. ते स्वतः बोगदा पाडत पुढे जाते, मध्ये इंधनासाठी थांबते, आणि खेळाडूंनी तेलयुक्त खडक वितळवून त्याच्या टाक्या भरायच्या, मार बसला तर दुरुस्ती करायची व चारही बाजूंनी येणाऱ्या किड्यांपासून त्याला वाचवायचे असते. येथे वाहन खेळाडूला वाचवत नाही, खेळाडू वाहनाला वाचवतात. गंमत अशी की मोहीम फत्ते झाल्यावर त्याचे उरलेले डोके उचलून यानापर्यंत नेण्याची काहीही सक्ती नसते, तरी पुष्कळ चमू ते नेतात. या उलट टोकाला बेट-सी हे जुने लढाऊ यंत्र आहे. परजीवींनी ग्रासलेले असताना ते खेळाडूंवरच गोळ्या झाडते; त्याच्या अंगावरचे परजीवी मारले की ते चमूच्या बाजूने लढू लागते. लढाऊ वाहन कमावण्याची किंमत येथे गुणांत नाही, धोक्यात मोजली जाते.

अवघडपणाची पातळी वाढली की दोन्ही वर्गांचे तोल पालटतात. सोप्या पातळीवर एक्सोसूट किंवा रणगाडा एकटाच मैदान साफ करतो आणि वाहतुकीची गाडी चैनीची वस्तू वाटते. कठीण पातळीवर शत्रूंची संख्या वाहनाच्या दारूगोळ्याला पुरून उरते, जाड कवचाचे शत्रू एका धडकेत मेक निकामी करतात, आणि लढाई टाळून पुढे सरकणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. तेव्हा वेग देणारी, माल सांभाळणारी किंवा वाट दाखवणारी वाहने भाव खाऊन जातात. चमू लहान झाला तरी असेच घडते. दोघांच्या चमूत एकजण गाडी चालवतो आणि दुसरा तोफेवर बसतो, तेव्हा जमिनीवर कोणीच उरत नाही. उद्दिष्टापाशी पोहोचल्यावर गाडी सोडायची की उद्दिष्ट, हा पेच पडतो. चौघांत तीच गाडी दोघांना जमिनीवर काम करू देते आणि दोघांनी त्यांच्यावर पहारा ठेवायचा, अशी सरळ वाटणी होते.