प्रमाणमुक्त जाळे

गाठींना (जाळ्यातील घटकांना) मिळालेल्या दुव्यांची (जोडण्यांची) वाटणी ज्यात घातनियमाने होते, म्हणजे ठरावीक संख्येने दुवे असलेल्या गाठींचे प्रमाण त्या संख्येच्या एका ठरावीक घाताच्या व्यस्त प्रमाणात असते, असे जाळे. ‘स्केल-फ्री नेटवर्क’ हे नावही रूढ आहे. घातांक बहुधा २ ते ३ यांदरम्यान सांगितला जातो. तो ३ असेल तर दुप्पट दुव्यांच्या गाठी एक-अष्टमांश उरतात. हे गुणोत्तर दहा दुव्यांपाशी असते तेच हजारापाशी. त्यामुळे अशा जाळ्यात ‘सरासरी गाठ’ फारसे काही सांगत नाही.

संकल्पनेच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. नाव आणि प्रसिद्धी अल्बर्ट-लास्लो बाराबाशी व रेका अल्बर्ट यांच्या १९९९ मधील लेखामुळे मिळाली. परंतु डेरेक डी सोला प्राइस यांनी शोधनिबंधांच्या परस्पर उल्लेखांत अशीच वाटणी १९६५ मध्ये दाखवली होती आणि १९७६ मध्ये ‘संचयी लाभा’चे (ज्याच्याकडे जास्त, त्यालाच आणखी मिळण्याचे) गणितही मांडले होते. संख्याशास्त्रज्ञ यूल यांचे १९२५ चे आणि हर्बर्ट सायमन यांचे १९५५ चे काम त्याही मागचे. मात्र त्या दोघांपुढे विषम वाटणी होती, जाळे नव्हते. यंत्रणेचे श्रेय प्राइस यांच्याकडे जाते, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

बाराबाशी-अल्बर्ट प्रतिमानात नवी गाठ ठरावीक दुवे घेऊन येते आणि जुन्या गाठींशी त्यांच्याकडे आधीच असलेल्या दुव्यांच्या प्रमाणात जोडली जाते. पैशाकडे पैसा जातो, त्यातलाच प्रकार. घातांक ३ येतो, मग नव्या गाठीने दोन दुवे आणलेले असोत वा पाच. वाढ आणि ही पसंती यांपैकी एक वगळली, तर घातनियम टिकत नाही.

अशी जाळी यादृच्छिक बिघाड सोसतात. मोठ्या गाठी वेचून काढल्यास मात्र लवकर विस्कळीत होतात.

ब्रॉइडो व क्लॉसेट यांनी २०१९ मध्ये सुमारे हजार जाळी तपासली, तेव्हा प्रमाणमुक्त असल्याचा सर्वांत सबळ पुरावा केवळ ४ टक्क्यांत आढळला. दुवा कशाला म्हणायचे यावरही बरेच ठरते. परभणी किंवा पूर्णा जंक्शनावर रुळांच्या दिशा तीनच. तेथे घातनियमाला वावच नाही. एकाच गाडीचे थांबे परस्परांशी जोडलेले मानून भारतीय रेल्वेचा अभ्यास २००३ मध्ये झाला, त्यातही वाटणी घातांकी (एक्स्पोनेन्शियल, म्हणजे घातनियमापेक्षा फार वेगाने घसरणारी) निघाली, घातनियमाची नव्हे. मराठवाड्यातील एखाद्या तांड्याला एकच मुक्कामी एसटी आणि छत्रपती संभाजीनगरच्या बसस्थानकातून दिवसभर गाड्या, एवढ्या विषमतेवरून जाळे प्रमाणमुक्त ठरत नाही. त्यासाठी तोच घातांक दहापट, शंभरपट, हजारपट दुव्यांपर्यंत टिकलेला दिसावा लागतो.