युगीच्या आत दोघं, हे वाचन आलं कुठनं?

पत्त्यांच्या डावांवरची जपानी मालिका 'यु-गि-ओ!' मधला युगी मुटो म्हंजे अंगानं बारका, जरा भित्रा, गेम खेळायचं वेड असलेला शाळकरी पोरगा, आणि त्याच्या गळ्यातल्या मिलेनियम पझलमधनं त्याच्याच शरीरात येणारा दुसरा एक, आवाज जाड, नजर धारदार, माघार घेणं माहीतच नाही. डाव अडचणीत आला की दुसरा पुढं येतो, काम झालं की आत जातो. इथंपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. आता काही चाहते म्हणतात की हे नुसतं भुताचं किंवा सुपरहिरोचं प्रकरण नव्हे, ही प्ल्युरॅलिटी आहे, म्हंजे एकाच शरीरात एकापेक्षा जास्त 'मी' राहतात, प्रत्येकाचं मन वेगळं, आवडीनिवडी वेगळ्या आणि त्यातलं खोटं कुणीच नाही. बेळगावात हे कुणाला सांगून बघा, पहिलं उत्तर ठरलेलं, "म्हंजे अंगात येतंय म्हण की!" हे उत्तर हसण्यावारी न्यायचं नाही, त्याच्याकडं खाली येतोच, खरं आधी हे वाचन तयार कसं झालं ते बघायला लागतं.

एका माणसात दोन माणसं ही गोष्ट छापील रूपात जगभर पोचली ती १८८६ साली, स्टीव्हन्सनच्या डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइडमुळं. त्यातनं एक साचा बसला, एक सभ्य, एक जनावर, आणि शेवटी दोघं मरणार. कार्टूनवाल्यांनी तो साचा उचलला आणि त्याचा खेळ केला. १९४७ च्या टॉम अँड जेरीत टॉम दुधात विष कालवतो आणि ते पिऊन जेरी मरायचा सोडून पैलवान होतो, १९५५ मध्ये बग्ज बनी डॉक्टर जेकिलच्या घरी जाऊन पोचतो, आणि १९५० च्या डिस्नीच्या एका फिल्ममध्ये गूफी चालत असतो तेव्हा मुंगीला पण पाय लागू देत नाही आणि गाडीच्या स्टीअरिंगला हात लागला की राक्षस (हे बघायचं असेल तर कार्टूनची गरज नाही, संध्याकाळी खडेबाजारात उभं राहिलं तरी चालतंय). १९९५ ला कार्टून नेटवर्क भारतात आलं आणि केबलवरनं ह्यातलं बरंच काही आमच्या पिढीच्या डोळ्याखालनं गेलं. ह्या सगळ्यात दुसरा माणूस म्हंजे औषधाचा, नशेचा नाहीतर रागाचा परिणाम, उतरला की संपलं. त्याला स्वतःचं म्हणणं असं काहीच नसतं.

स्टीव्हन्सनच्याच काळात डॉक्टर लोक पण ह्याच प्रश्नाच्या मागं लागले होते. फ्रान्समध्ये प्येर जानेनं १८८९ मध्ये मनाचे तुकडे एकमेकांपासनं सुटून वेगवेगळे चालू शकतात असं मांडलं. बॉस्टनच्या मॉर्टन प्रिन्सनं एका बाईवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात तो एखाद्या डिटेक्टिव्हासारखा ह्यातली खरी मिस बोशां कुठली ते शोधत बसलाय. मला वाटतं पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ ह्या 'खरी कुठली' मध्ये आहे. एकदा हा प्रश्न विचारला की बाकीच्या आपोआप खोट्या ठरतात आणि त्यांना घालवणं म्हंजेच इलाज होतो. १९५७ च्या 'द थ्री फेसेस ऑफ ईव्ह' ह्या हॉलिवूड पिक्चरमध्ये एका बाईत तिघी असतात, शेवटी बाई बरी होते, एकच उरते, सगळे खूश. ती खरी बाई, ख्रिस सायझमोर, १९७७ मध्ये उघडपणे पुढं आली आणि म्हणाली की तीनवर काही थांबलं नव्हतं, वीसच्या वर गेलं होतं. त्याच्या आधी १९७३ मध्ये अशाच एका बाईवर 'सिबिल' हे पुस्तक आलं, तुफान खपलं, लहानपणीचा भयंकर छळ आणि त्यातनं फुटलेलं मन ही जोडी लोकांच्या डोक्यात पक्की बसली, पुढं त्या केसवर बऱ्याच शंका निघाल्या तो भाग वेगळा. १९८० मध्ये अमेरिकन डॉक्टरांच्या मॅन्युअलमध्ये मल्टिपल पर्सनॅलिटी डिसऑर्डर हे स्वतंत्र निदान आलं, १९९४ ला त्याचं नाव डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर झालं. नाव बदललं तसा अर्थही सरकला, आत जास्त माणसं आहेत असं नव्हे तर एकच माणूस नीट जोडला गेलेला नाही असं.

नव्वदीत इंटरनेट आलं आणि ज्यांच्याबद्दल डॉक्टर लिहीत होते ती माणसं स्वतःच एकमेकांशी बोलायला लागली. तिथनं प्ल्युरल हा शब्द रुळला, सगळ्यांना मिळून सिस्टीम म्हणायचं, त्या वेळी शरीर ज्याच्या हातात तो फ्रंटला आहे म्हणायचं, असली भाषा आली. ह्यातले काही जण डॉक्टरकडं जातात, काही जण आम्ही आजारी नाहीच म्हणतात, ह्यावर त्यांच्यातच जोरदार भांडणं आहेत. खरं एक गोष्ट सगळ्यांनी मिळून केली, 'खरा कोण' हा प्रश्न बाजूला ठेवला आणि 'एकत्र राहायचं कसं' हा विचारायला घेतला.

कॉमिक्समध्ये हा बदल लख्ख दिसतो. हल्क १९६२ चा, बॅनर नावाच्या शास्त्रज्ञाचा राक्षस होतो, सरळ जेकिल-हाइड. १९८५ मध्ये त्याच्या बापाच्या मारझोडीची गोष्ट जोडली, आणि १९९१ मध्ये पीटर डेव्हिडनं मानसोपचारतज्ज्ञाकडनं बॅनर, हिरवा हल्क आणि करडा हल्क ह्यांना जोडून एक करून टाकलं, त्या काळातल्या इलाजाच्या कल्पनेला धरूनच. २०१८ ते २०२१ मधल्या मालिकेत तेच हल्क वेगवेगळी माणसं म्हणून एका शरीरात नांदतात, भांडतात, एकमेकांना वाचवतात. मून नाइट ह्या सुपरहिरोचं आणखी मजेशीर, १९७५ मध्ये तो आला, सुरुवातीच्या गोष्टींत त्याचा श्रीमंत माणूस आणि टॅक्सी ड्रायव्हर ही नुसती सोंगं होती, गुन्हेगार पकडायला घेतलेली, नंतरच्या लेखकांनी त्यालाच आजार केलं आणि २०२२ च्या सिरीजमध्ये त्याच्या आतले मार्क आणि स्टीव्हन आरशातनं एकमेकांशी बोलतात.

आता युगी. काझुकी ताकाहाशीनं ही मांगा, म्हंजे जपानी कॉमिक, १९९६ ते २००४ लिहिली. सुरुवातीची प्रकरणं वाचली तर कार्डं फारशी नाहीतच, भयकथाच जास्त. युगीला त्रास देणाऱ्याला दुसरा युगी रात्री गाठतो, एक खेळ लावतो आणि हरलेल्याला भयाण शिक्षा करतो, आणि सकाळी युगीला त्यातलं काही आठवत नाही. मधला वेळ गेला कुठं हे त्याला कळत नाही, आणि हे दोस्तांना सांगितलं तर ते सोडून जातील ही भीती. प्ल्युरल वाचक पहिलं बोट इथं ठेवतात. मग शादी नावाचा माणूस युगीच्या मनात शिरतो तेव्हा त्याला समोरासमोर दोन खोल्या दिसतात, एकीत खेळणी पसरलेली, दुसरीत दगडी चक्रव्यूह. दोन मनं, मधे एक बोळ. मला ह्या चित्रापेक्षा पुढचा प्रसंग जास्त महत्त्वाचा वाटतो. कायबा ह्या प्रतिस्पर्ध्याबरोबरच्या डावात दुसरा युगी जिंकायच्या नादात असा हल्ला करायला निघतो की किल्ल्याच्या कडेवर उभा असलेला कायबा खाली पडून मेला असता, आणि आतला युगी त्याला थांबवतो. डाव हरतो, आणि त्यानंतर दुसऱ्याला पुढं येऊ द्यायलाच घाबरतो. दोघांचं पटत नाही, आणि एक दुसऱ्याला अडवू शकतो. जेकिलला हे कधी जमलं नव्हतं. मग स्पर्धा भरवणाऱ्या पेगाससशी डाव येतो, पेगाससच्या जादूच्या डोळ्याला समोरच्याच्या मनातलं दिसतं, तर हे दोघं आळीपाळीनं पुढं येतात, एकानं पत्ता ठेवायचा, काय ठेवला ते दुसऱ्याला माहीत नाही, पेगासस कुणाचं मन वाचणार? इथं दोन असणं हा रोग नाही, इथं दोन असल्यामुळंच जिंकता येतं. प्ल्युरॅलिटीच्या वाचनाला ह्याच्याइतका भक्कम आधार सगळ्या मालिकेत दुसरा नाही.

ह्याला उलटं उत्तर पण तयार आहे आणि ते खोटं नाही. दुसरा युगी म्हंजे अतेम, तीन हजार वर्षांपूर्वीचा इजिप्तचा फॅरो (इंग्लिश डबवाल्यांनी पाच हजार केले, का ते त्यांनाच माहीत). तो युगीच्या मनातनं निघालेलाच नाही, बाहेरनं आलाय. कथेच्या हिशेबानं हे अंगात येणंच झालं. म्हणून म्हटलं की बेळगावातलं ते पहिलं उत्तर हसण्यासारखं नाही.

आमच्याकडं हा विषय कुणाला शिकवायला लागत नाही. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर पौर्णिमेला कोल्हापूर-सांगलीकडनं गाड्या येतात, उदं गं आई उदं चाललेलं असतं, डोक्यावर देवीचा जग, हातात परडी, आणि गर्दीत कुणाच्या तरी अंगात येतं. चिंचलीच्या मायाक्काकडं तेच, मंगसुळीच्या खंडोबाकडं तेच. घरातनं जे शिकलो त्यात दोन कप्पे आहेत. देवी आली तर हळदकुंकू लावायचं, ओटी भरायची, काय चुकलं विचारायचं, ती परत यायची असते, तिला कुणी घालवत नाही. बाहेरचं लागलं असलं तर मात्र विचारायचं कोण तू, कुठला, काय पाहिजे, आणि नाव सांगितलं की मागणं पुरवून वाटेला लावायचं. आता युगीची मालिका ह्या नजरेनं बघा. अतेमला स्वतःचं नाव आठवत नाही, सगळा शेवटचा भाग नाव शोधण्यात जातो, नाव सापडतं, शेवटचा डाव होतो, युगी जिंकतो आणि अतेम दरवाजातनं निघून जातो. म्हाताऱ्या माणसाला ही गोष्ट सांगितली तर एकही प्रश्न न विचारता कळंल. आणि ह्याच मालिकेतला युगीचा वर्गमित्र बाकुरा घ्या, त्याच्या गळ्यातल्या मिलेनियम रिंगमधला आत्मा त्याला विचारत नाही, त्याचं अंग वापरतो, त्याला जखमा करतो, तो सरळ दुसऱ्या कप्प्यातला.

डॉक्टरांनी पण हे कप्पे पुढं मान्य केले, उशिरा का होईना. भारतात डोक्यात वेगवेगळी माणसं असल्याचं निदान फार कमी व्हायचं आणि अंगात येण्याचं जास्त, हे आपल्याकडच्या मानसोपचारतज्ज्ञांनी बरीच वर्षं लिहून ठेवलंय. २०१३ च्या अमेरिकन मॅन्युअलमध्ये काही संस्कृतींत हे झपाटल्यासारखं अनुभवलं जातं असं वाक्य आलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासनं लागू झालेल्या यादीत डोक्यातली माणसं आणि अंगात येणं दोन्ही वेगळे नोंदवलेत. जे यात्रेतलं, धर्मात बसणारं आणि माणसाला त्रास न देणारं, ते आजारात धरायचं नाही हे पण त्यात आहे. आणि पिक्चरवाले? त्यांनी दोन्ही एकत्र कालवलं. २००४ ला कन्नडमध्ये 'आप्तमित्र', २००७ ला हिंदीत 'भूल भुलैया', मूळ मल्याळम १९९३ चं, बेळगावच्या माणसानं दोन्ही बघितलेत. सगळ्यांना भूत वाटतं, डॉक्टर येऊन मनाचा आजार म्हणतो, आणि इलाज काय करतो तर भूत घालवायचा विधी! भूत समजल्या गेलेल्या नागवल्लीला (हिंदीतली मंजुलिका) काय पाहिजे ते देऊन वाटेला लावतो. म्हंजे परत दुसराच कप्पा, वर डॉक्टरची सही.

आणि एक तुलना आहे जी इथं सगळ्यांच्या तोंडावर येते. सीमाभागातली माणसं, घरात मराठी, शाळेत नाहीतर ऑफिसात कन्नड, कार्टून हिंदीत, १ नोव्हेंबरला अर्ध्या गावात राज्योत्सव आणि अर्ध्यात काळा दिवस, मग आम्ही पण दोन नव्हे का? मला ही तुलना पटत नाही. कन्नडमध्ये बोलताना मी वेगळा वागत असंन, खरं संध्याकाळी घरी येऊन मराठीत तेच सांगतो, मधला वेळ हरवत नाही, कुणी दुसऱ्यानं माझा हात धरून डाव थांबवत नाही. ज्यांचा वेळ खरंच हरवतो त्यांच्या पुढं जाऊन हे म्हणणं म्हंजे उगंच आपलं घोडं पुढं दामटणं. एवढं मात्र मानतो की एकाच रकान्याचा राग आम्हाला लवकर कळतो. १९५६ पासनं इथं प्रत्येक जण तू नक्की कुठला हे विचारतोय, जनगणनेचा फॉर्म पण मातृभाषा एकच घेतो, येणाऱ्या बाकीच्या भाषा दोन पर्यंत खाली लिहायच्या. 'खरी मिस बोशां कुठली' हे वाचताना मला म्हणून ओळखीचा वास येतो. ओळखीचा वास म्हंजे तोच अनुभव नव्हे.

मग युगी प्ल्युरल आहे का? माझं मत, मालिकेचा मधला भाग हो, शेवट नाही. मधे दोघं शेजारी आहेत, शेवटी एक पाहुणा ठरतो आणि पाहुण्यानं जायचं असतं. काही प्ल्युरल वाचकांना तो शेवट ह्याचमुळं खुपतो, एकटं राहायला शिकलास म्हंजे मोठा झालास असं त्यातनं निघतं. काही जण म्हणतात की दोघं समोरासमोर बसून बरोबरीनं खेळले, कुणी कुणाला मिटवलं नाही, हे काय कमी आहे? इलाजाच्या बाबतीत पण आता सगळ्यांना एक करायलाच पाहिजे असा हट्ट राहिलेला नाही, एक होणं जमत नसलं तर आतल्या सगळ्यांनी मिळून नीट चालणं हे पण चालतंय असं ह्या विषयातल्या २०११ च्या तज्ज्ञांच्या गाईडलाईनमध्ये आहे.

ह्या चर्चेत ज्याचं नाव फारसं निघत नाही तो मरिक. थडगी राखणाऱ्या घराण्यातला, लहानपणी विधीत त्याच्या पाठीवर सुरीनं चिन्हं कोरली, त्या वेदनेत आत एक दुसरा जन्मला आणि त्यानं बापाला मारलं. तो दुसरा जुन्या इजिप्तचा आत्मा नाही, रिंगमधला नाही, देवी नाही आणि बाहेरचं पण नाही, तो मरिकच्याच दुखण्यातनं निघालाय. डॉक्टरांच्या व्याख्येच्या सगळ्यात जवळ तोच, आणि आमच्या दोन कप्प्यांत न बसणारा पण तोच. बॅटल सिटी ह्या स्पर्धेच्या फायनलमध्ये मूळचा मरिक ताबा मिळवतो, डाव सोडून देतो आणि तो दुसरा नाहीसा होतो. अतेमला निरोपाचा अख्खा डाव मिळाला, सगळे रडले. ह्याला तू कोण, तुला काय पाहिजे एवढं पण कुणी विचारलं नाही, आणि प्ल्युरॅलिटीबद्दल बोलणारे आपण सगळे पण अजून युगीवरच लिहीत बसलोय.